शेवेचा डबा कोणी हलवायचा?

या वेळचं पत्र इंदूरहून आलंय. थोडं संक्षिप्त करून देत आहे.

"नमस्कार. आम्ही रामबागेत राहतो. आमचे हे ५२ वर्षांचे, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघतात. दिवाळीनंतरच्या तपासणीत त्यांचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचं माप, ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. सासऱ्यांना मधुमेह होता, शेवटची काही वर्षं त्यांना नीट दिसत नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडताना हे स्वतःच म्हणाले, 'मला तसं व्हायचं नाही.' मग मी कंबर कसली. पावलं मोजणारं घड्याळ आणलं, मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकलं, फ्रिजवर तक्ता लावला, चालायला गेले नाहीत तर ५० रुपये दंड ठेवला आणि शेवेचा डबा माळ्यावर टाकला. सुरुवातीला छान चाललं. आता हे टीव्हीसमोर बसून हात हलवतात आणि घड्याळात पावलं भरतात. परवा मी बोलले तर म्हणाले, 'हे घर आहे की तुरुंग?' सासूबाई लेकाच्या बाजूने. मुलगी अहमदाबादला डिझाइन शिकते. ती म्हणते, 'आई, बाबांना बदलू नकोस, घर बदल.' म्हणजे नेमकं काय करू? आणि दंड वाईट कसा? आमचं इंदूर दंड लावल्यावरच स्वच्छ झालं ना?"

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. 'मला तसं व्हायचं नाही' हे तुमच्या यजमानांकडून कोणी वदवून घेतलेलं नाही. वडिलांना चाचपडत चालताना त्यांनी पाहिलंय, तिथून ते आलंय. म्हणजे बदलायची इच्छा तुमच्या घरात आधीपासून आहे. ती तुम्हाला निर्माण करायची नाही, फक्त विझू द्यायची नाही. आणि मला भीती वाटते ती हीच, की गेल्या काही महिन्यांत त्या इच्छेची मालकी त्यांच्याकडून तुमच्याकडे आली. आता साखर कमी करणं हे 'तिचं' काम झालंय आणि त्यातून सुटका करून घेणं हे त्यांचं.

तुमची मुलगी योग्य तेच सांगतेय. पण घर बदलायचं म्हणजे काय, ते आधी नीट बघू. तुम्ही पाच गोष्टी केल्यात. घड्याळ, अ‍ॅप, तक्ता आणि दंड, या चारही गोष्टी पहारा देतात. ते चालले की नाही हे त्या सांगतात, चालणं सोपं मात्र एकही करत नाही. शेवेचा डबा माळ्यावर जाणं ही वरवर मांडणीतली गोष्ट वाटते, पण ती त्यांना न विचारता झाली. त्यामुळे तोही पहाराच. ज्याला आपण चांगलं डिझाइन म्हणतो, ते याच्या उलट वागतं. माणसाला जे करायचंय त्याच्या वाटेतले खडे ते उचलतं आणि जे नकोय ते जरा लांब ठेवतं. मग तो बाजूला होतो तेव्हा आपल्याला कोणी ढकललं असं त्याला वाटत नाही.

हात हलवून पावलं भरण्याचा तुम्हाला राग आलाय, तो मी समजू शकते. पण याला लबाडी म्हणू नका. घड्याळाने आकडा मागितला, त्यांनी आकडा दिला. ज्या गोष्टीची मोजदाद कोणी दुसरा करतो आणि जिच्यावर दंड बसतो, तिथे माणूस मोजमाप सांभाळायला शिकतो. मूळ काम मागे पडतं.

यावर जुने आणि चांगले प्रयोग झालेले आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. कोडी मुळातच मजेदार होती. काहींना मध्ये प्रत्येक सुटलेल्या कोड्याचे पैसे दिले, काहींना नाही. पैसे थांबल्यावर पैसे मिळालेल्या मुलांनी मोकळ्या वेळात त्या कोड्यांना हात लावणं कमी केलं. १९७३मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर असाच प्रयोग केला. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. बक्षिसाचंही असं होतं, मग दंडाचं काय सांगावं!

पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यातून एक मोठा सिद्धान्त उभा केला. एखादी गोष्ट माणूस मनापासून करत राहायची असेल तर त्याला तीन गोष्टी लागतात असं ते सांगतात. हे मी ठरवलंय, हे मला जमतंय आणि माझी माणसं माझ्यासोबत आहेत. तुमच्या घराला ही पट्टी लावून बघा. ठरवलं तुम्ही. जमत नाहीये हे फ्रिज रोज सगळ्यांना सांगतो, पाहुण्यांनासुद्धा. आणि सोबतीच्या जागी तपासणी आली. तिन्ही बाजूंनी तो माणूस एकटा पडला. मुलाला शाळेत उभं करावं तसं ५२व्या वर्षी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागणं फार बोचतं, ताई.

आता इंदूरच्या दंडाचं. तुमचा मुद्दा चांगला आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. दंड झाला, खराच झाला. पण २०१७पासून शहर देशातल्या स्वच्छ शहरांत सलग अनेक वर्षं पहिलं आलं ते केवळ पावतीपुस्तकाच्या जोरावर नाही. आठवून बघा, त्याआधी कोपऱ्याकोपऱ्यावर कचरापेट्या होत्या. त्या ओसंडायच्या, गाई-कुत्री पसरवायची आणि आपण लांबूनच पिशवी भिरकावायचो. मग पेट्या उचलल्या गेल्या आणि गाडी रोज सकाळी दारात येऊ लागली, गाणं वाजवत. गाणं ऐकू आलं की हात आपोआप डब्याकडे जातो. ओला आणि सुका कचरा वेगळा टाकायला गाडीतच वेगळे कप्पे, त्यामुळे कुठला डबा कुठे हा प्रश्नच उरत नाही. योग्य गोष्ट करणं सोपं झालं, वेळेवर आठवण मिळाली आणि शेजारीपाजारी सगळेच ते करताना दिसू लागले. दंड मागाहून उरलेल्यांसाठी. शिवाय रस्त्यावरचा कचरा सगळ्यांचा असतो, तिथे समाजाला दंड करायचा हक्क आहे. तुमच्या यजमानांचं शरीर त्यांचं आहे. तिथे पावती फाडायचा हक्क बायकोलाही नाही, मुलीलाही नाही.

इंदूरकडून घ्यायचंच असेल तर ते सकाळचं गाणं घ्या.

पण मांडणीला हात लावण्याआधी एक दिवस शांतपणे त्यांच्याशी बोला. जेवणाच्या ताटावर नाही, अहवाल हातात घेऊन तर मुळीच नाही. घड्याळ आणि दंडाचे जमलेले पैसे त्यांच्या हातात द्या आणि सांगा, की ही चौकीदारी मी आजपासून सोडली. फ्रिजवरचा तक्ता त्यांच्या देखत काढा. मग एवढंच विचारा, 'त्या दिवशी दवाखान्याबाहेर तुम्ही म्हणालात, त्यातलं तुम्हाला आज काय करावंसं वाटतं?' आणि गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. आलं तर ते तुमच्या यादीतलं नसेल. कदाचित ते म्हणतील, सकाळी चालणं मला कधीच जमणार नाही, पण चहातली साखर मी सोडतो. तिथून सुरू करा. त्यांनी निवडलेली छोटी गोष्ट तुम्ही निवडलेल्या मोठ्या गोष्टीपेक्षा जास्त दिवस टिकेल.

बोलणं झालं की मग घर. आणि हे दोघांनी मिळून.

शेवेपासून सुरुवात करू, कारण इंदुरी घरात शेव नुसती फरसाण नसते. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, भाजी कमी पडली तर शेव. ती माळ्यावर टाकून संपणारी गोष्ट नाही, उलट तिची आठवण वाढते. डबा खाली आणा. तो कुठे राहील हे त्यांना ठरवू द्या, फक्त जेवणाच्या टेबलावरून तो उठावा एवढं सुचवा. समोर उघडा डबा असला की बोलता बोलता हात जातो, भूक असो नसो. तोच डबा स्वयंपाकघरात, घट्ट झाकणाचा असेल आणि खायची तेव्हा वाटीत काढून घ्यायची असेल, तर प्रत्येक वेळी 'मला हवी आहे का?' हा प्रश्न अर्धा क्षण तरी मनात येतो. तेवढा अर्धा क्षण पुरतो. नमकीनच्या दुकानातून किलोऐवजी पाव किलो आणायची हेही त्यांच्याच हाती सोपवा, कारण आणणारे तेच असणार.

लहान ताटांच्या मागे लागू नका. 'ताट छोटं घ्या म्हणजे कमी खाल' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण खाण्याबद्दलचे असले अनेक चमकदार दावे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ज्या प्रयोगशाळेने गाजवले, तिचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले. त्यातले सहा २०१८मध्ये एकाच वेळी. ताट बदलण्यावर पैसे घालवण्यापेक्षा वाढायची पद्धत बदला. पोळ्यांचा डबा आणि भाताचं पातेलं टेबलावर न आणता ओट्यावर राहू द्या, पुन्हा हवं असेल तर उठून घ्यायचं. उसळ आणि कोशिंबीर मात्र टेबलावर, हाताशी.

सासूबाईंना वगळून यातलं काही होणार नाही. लेकाच्या ताटात आग्रहाने वाढणं ही त्यांची माया आहे आणि नवऱ्याचे ते शेवटचे दिवस त्यांनी तुमच्यापेक्षा जवळून पाहिलेत. त्यांना 'वाढू नका' म्हणू नका. मुगाचं घावन, मोड आलेल्या मटकीची उसळ, ताक असं काहीतरी त्यांच्या हातचं, लेकाला आवडणारं, त्यांच्याकडून मागून घ्या. आग्रह राहू दे, पदार्थ बदलेल.

आता चालणं. पहाटे उठून नेहरू पार्कात चालायला जाणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण तुमच्या पत्रावरून तुमचे यजमान त्यातले वाटत नाहीत. मग त्यांना पहाटेच्या मागे का लावायचं? आपल्याकडे जेवणानंतरची शतपावली आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ लोकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून कधीतरी ३० मिनिटं चाला, या सल्ल्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला, हा सल्ला जेवणानंतरची साखर खाली ठेवायला जास्त उपयोगी पडला. सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. तुमचे यजमान मधुमेही नाहीत, पण जेवल्यावर चढणारी साखर स्नायूंनी वापरावी ही क्रिया त्यांच्या शरीरातही तशीच होते. आणि माळव्याच्या रात्रीची तर ख्याती आहे. 'शब-ए-मालवा' उगाच म्हणत नाहीत. मे महिन्यात दिवसा रस्ता तापलेला असला तरी रात्री बाहेर वारं असतं.

इथे मांडणीतल्या अगदी बारीक गोष्टी कामाला येतात. नाडीचे बूट कपाटात असतील तर रात्री साडेनऊला ते कोणी काढणार नाही. दाराशी पायात सरकवायच्या पट्ट्याच्या चपला हव्यात. टीव्हीचा रिमोट जेवणाच्या वेळी सोफ्यावर नको, दुसऱ्या खोलीत असू दे. एकदा सोफ्यात बसलं की उठणं अवघड, तेव्हा बसण्याच्या आधीच निघायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'जर अमुक झालं, तर मी तमुक करीन' अशा नेमक्या ठरावांवर बरंच काम केलंय. 'मी रोज चालेन' या संकल्पापेक्षा 'जेवून हात धुतले की चपला घालेन' हा ठराव जास्त पाळला जातो, कारण आठवण ठेवायचं काम डोक्याकडून हात धुण्याकडे जातं. हेच तुमचं गाडीचं गाणं. वाक्य त्यांचं त्यांना बनवू द्या, तुम्ही पाठ करून घेऊ नका.

वाटही आधी ठरवा. रामबागेतून राजवाड्याकडे वळलं की पुढे सराफा, आणि दिवसा दागिने विकणारा तो बाजार रात्री काय होतो हे इंदूरकराला सांगायला नको. भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू हा कंद, कढईतून निघणारी जिलबी. ताज्या गराडूच्या वासापुढे रोज 'नाही' म्हणायची ताकद कोणाकडेच नसते आणि ती कोणाकडून मागूही नये. रोजची शतपावली दुसऱ्या दिशेच्या गल्लीतून करा. सराफ्याला महिन्यातून एखाद्या रविवारी ठरवून जा, सगळे मिळून, मजेत, कोणाच्याही ताटाकडे न बघता. पावसाळ्यात गच्ची किंवा ओसरी आहेच.

तुम्ही सोबत जा असं मी सुचवेन, पण एका अटीवर. चालताना साखरेचा विषय नाही. मुलीचा फोन, नात्यातली लग्नं, ऑफिसातला त्रास, काहीही बोला. ती दहा-पंधरा मिनिटं तुमची दोघांची झाली तर चपला आपोआप पायात जातील.

सवय लागायला किती दिवस? २१ दिवसांचं जे सांगतात त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून १२ आठवडे पाहिलं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा ६६ दिवस आला, पण माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवस इतका (१२ आठवड्यांपुढचे आकडे अंदाजाने काढलेले). पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर, व्यायाम उशिरा. त्यातली मला सगळ्यात आश्वासक वाटलेली गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही. म्हणून तुमचं अ‍ॅप एक दिवस चुकल्यावर मोजणी शून्यावर आणत असेल, तर ते डिझाइन माणसाला निराश करणारं आहे. ते काढून टाका. त्यांना खूण करायला आवडत असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयात, स्वतःच्या पेनाने. रिकाम्या चौकटींबद्दल कोणी बोलायचं नाही.

इच्छा रोज सारखी नसते, हे लक्षात घेऊन हे सगळं आहे. ज्या दिवशी मन उत्साहात असतं त्या दिवशी चपला दाराशी आणायच्या, डबा हलवायचा, वाट ठरवायची. मन मरगळलेल्या दिवशी ती मांडणीच हात धरते.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. एचबीए१सी तांबड्या पेशींवरून कळतं, त्या साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतो. दर आठवड्याला तपासण्यात अर्थ नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण तीन महिन्यांनी. ५.७ ते ६.४ ही उंबरठ्याची पातळी, ६.५पासून मधुमेह. तुमचे यजमान ६.२वर आहेत, म्हणजे निवांत राहायची वेळ नाही, घाबरायचीही नाही. आपल्याच देशात, त्यांच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर झालेल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार आणि हालचालीतल्या बदलाने सुमारे अडीच वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. साखर कमी करणाऱ्या मेटफॉर्मिन या गोळीनेही जवळपास तेवढाच. खाण्या-चालण्यातला बदल गोळीच्या तोडीचा ठरला, ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. हिशेब बघणाऱ्या माणसाला आकडा पटतो. डोळ्यांची तपासणी करायची का, हेही डॉक्टरांना त्यांनी स्वतः विचारावं, वडिलांचा इतिहास सांगून.

आणि ते म्हणाले, 'आत्ता नको', तर? हे होऊ शकतं. तर तीन महिने थांबा. घरातला स्वयंपाक तुमच्या हातात आहे, तो तुम्हा सगळ्यांसाठी चांगला ठेवा. तुम्ही स्वतः जेवण झालं की चपला घाला आणि निघा, त्यांना 'येता का?' एकदाच विचारून. पुढचा अहवाल आला की पुन्हा तोच प्रश्न, त्याच स्वरात. मधल्या काळात टोमणा एकही नको. तुम्हाला हे कठीण जाईल, मला माहीत आहे. नवऱ्याच्या, मुलीच्या, सासूबाईंच्या चिंता एकाच वेळी वाहणाऱ्या बाईला 'थांब' म्हणणं सोपं नसतं. पण या घरातली चौकीदार म्हणून तुम्ही किती दमला आहात, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसतंय. ते ओझं खाली ठेवलंत तर तुमचीही झोप सुधारेल.

मुलीला एक काम द्या. ती सुट्टीत इंदूरला आली की तिने बाबांना काही शिकवायचं नाही. एक दिवस त्यांच्यासोबत फक्त राहायचं. सकाळच्या चहापासून रात्री टीव्ही बंद होईपर्यंत ते कुठे बसतात, हाताशी काय असतं, भूक नसताना काय खातात, ऑफिसातून आल्यावर पहिली पाच मिनिटं काय करतात, हे बघायचं आणि टिपून ठेवायचं. कॉलेजात तिला हेच शिकवत असतील, आधी वापरणाऱ्याला बघा, मग वस्तू करा. संध्याकाळी ती वही बाबांपुढे ठेवून तिने विचारायचं, 'बाबा, यातलं तुम्हाला काय हलवावंसं वाटतं?' पेन्सिल त्यांच्या हातात द्यायची. शेवेच्या डब्याची नवी जागा त्या कागदावर त्यांनीच काढू दे.